सोडल्याचं कारण

शंभरीच्या अंकासाठी शाळेचा इतिहास हवाय म्हणाले,
एका पानात बसवा.
ऑफिसात एकतीस वर्षं काढली म्हणून मला.
मला लिहिता येत नाही. नोंदवही वाचता येते.

पहिलं पान, फेब्रुवारी, एकोणीसशे चोवीस:
त्रेचाळीस पोरं, चीज फॅक्टरीच्या गोदामात,
बाकांना आंबूस वास, खिडकीत अर्धा तारानाकी,
उरलेल्या अर्ध्या डोंगरावर फळी ठोकलेली.
वाइतोरूला दोन शाळा परवडत नव्हत्या
म्हणून मुलंमुली एकत्र.
तत्त्वबित्त्व नंतर आलं, भाषणांतून.
नवी इमारत झाली तेव्हा दारं मात्र दोन केली,
दगडात कोरून: इकडे मुलगे, तिकडे मुली.
दोन्ही दारं एकाच बोळात उघडायची.
अजूनही उघडतात.

वहीत नऊ रकाने. आठ सोडून देते.
नववा: शाळा सोडल्याचं कारण.

दूध काढायला हवा.
दूध काढायला हवा.
ऑगस्टात गाई व्यायच्या, की मागचे बाक रिकामे.
घरी गरज. हे बहुतेक मुलींपुढे.
डोरीन ट्रेगर्था, वय चौदा, गणितात पहिली, घरी गरज.

चाळीस साली शाई बदलते, अक्षर तेच,
मिस कॉलिन्सनचं, उजवीकडे कललेलं.
सैन्य. सैन्य. सैन्य, वय खोटं सांगून.
तिला कसं कळलं, असं विचारू नका,
जन्मतारखेचा रकानाही तिच्याच हातचा.
ती मुलं आता हॉलच्या भिंतीवर सोनेरी आहेत.
भिंतीवर वय लिहीत नाहीत.

थोडं मागं जाते. सदतीस.
पारेकुरा तामाहोरी. कारणाची जागा कोरी.
तामाहोरी म्हणजे नदीपलीकडची माणसं,
एके काळी अलीकडचीसुद्धा.
शाळेखालची जमीन कुणाची होती
याला वहीत रकाना नाही.
त्याची बहीण न्गाहुइया, नातवाचा दाखला न्यायला आलेली,
काउंटरवर कोपर टेकून म्हणाली,
मास्तरांनी नदीचं नाव विचारलं,
यानं खरं नाव सांगितलं, आमच्या भाषेतलं.
पट्टी बसली.
दुसऱ्या दिवशी तो नदीवरच गेला, ईल धरायला.
मी पेन उचललं, तर माझा हात दाबला तिनं:
लिहू नकोस. कोरंच राहू दे.
बघणाऱ्याला वाटू दे, काहीतरी राहिलंय.

एकाहत्तर. हेंद्रिका व्हान डेर वील,
वय पंधरा, घरी गरज.
आई अंथरुणाला, पाठचे चौघे, बाबांचं इंग्रजी अर्धवट.
तेव्हा टाइपरायटर आला होता, त्याचा र जरा वर उडायचा.
माझ्या नावात तो तीनदा येतो.

ब्याऐंशीला गावचा कत्तलखाना बंद पडला.
एका सत्रात एकसष्ट नावं.
गाव सोडलं, गाव सोडलं, मीच टाइप केलं,
त्याच टाइपरायटरवर, तोच र.
फुटबॉलच्या संघात अकरा उरेनात,
मग मुली घेतल्या.
पुन्हा तेच: परवडत नव्हतं म्हणून.
त्या वर्षी आम्ही करंडक आणला.

मग कॉम्प्युटर. कारणं सहाच,
निवडायची, लिहायची नाहीत.
जुनी वही चढवायला मी रात्री थांबायचे,
हीटरवर पाय ठेवून.
डोरीन: इतर.
वय खोटं सांगितलेला: इतर.
मी: इतर.
पारेकुराशी अडले.
मशीन रिकामं सोडू देईना, लाल चौकट दाखवत राहिलं.
इतरवर बोट गेलं माझं. मागं घेतलं.
मुख्याध्यापकांचा पासवर्ड मला ठाऊक होता,
त्यानं आत शिरून सातवं कारण तयार केलं.
नावाच्या जागी एकदा स्पेसबार दाबला.
चौकट गेली.

तेव्हापासून यादीत, सर्वांत खाली,
एक कोरी ओळ आहे. निवडता येते.
माझ्यानंतरच्या मुलीनं दोनदा निवडलीय.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

पान भरलं असेल. मोजून घ्या.